गॅस भरून घेण्याआधी: गोव्यात कॅम्पर व्हॅनचा फ्रीज सांभाळताना

कॅम्पर व्हॅन घेऊन गोव्यात फिरणाऱ्यांची फ्रीजबद्दलची तक्रार बहुतेक वेळा निदानासकटच येते: "थंड होत नाही, मेकॅनिक म्हणतो गॅस गेलाय." नव्या माणसाला ते पटतं, कारण पंखा चालतो, कंप्रेसर घरघरतो आणि तरी दूध नासतं, मग दुसरं काय असणार?

फ्रीजमधला गॅस वापरून संपत नसतो. नळ्यांची ती बंद साखळी आहे आणि तोच गॅस वर्षानुवर्षं तिच्यात फिरत राहतो. तो खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस परत उडणारच. पण माझा अनुभव असा की गाडीतल्या फ्रीजची बरीचशी दुखणी गॅसपर्यंत पोचतच नाहीत. ती मागच्या कोंडलेल्या हवेत, बारीक वायरीत, गंजलेल्या जोडात किंवा दाराच्या रबरात सापडतात. ती तपासायला एक साधा मल्टिमीटर, एक थर्मामीटर आणि थोडी चिकाटी पुरते. हा लेख त्या तपासणीबद्दल आहे.

आधी आपला फ्रीज ओळखा

हल्ली आपल्याकडे बांधल्या जाणाऱ्या कॅम्परमध्ये बहुधा १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा फ्रीज असतो. काहींचं झाकण पेटीसारखं वरून उघडतं, काहींना कपाटासारखं पुढून दार असतं. कान लावला की बारीक घरघर ऐकू येते, थांबते, पुन्हा सुरू होते. नवख्यासाठी हाच सगळ्यांत समजूतदार प्रकार. गाडी थोडी उतारावर उभी असली तरी कुरकुर करत नाही, आणि मे महिन्यातसुद्धा फ्रीझर खरोखर गोठवतो.

दुसरा प्रकार शोषण पद्धतीचा. एलपीजीची ज्योत, १२ व्होल्ट आणि घरची २३० व्होल्ट वीज अशा तिन्हींवर तो चालू शकतो. हिवाळ्यात हरमल, आगोंदच्या बाजूला परदेशी नंबरच्या जुन्या गाड्या दिसतात, त्यांतल्या अनेकांत तो असतो. हॉटेलच्या खोलीतला अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रीजही बहुधा याच जातीचा, फक्त तो विजेवर चालतो. यात कंप्रेसर नाही, हलणारा भागच नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या जोरावर, नुसत्या उष्णतेने तो चालतो. याचे नखरे वेगळे, म्हणून त्याला खाली वेगळी जागा दिली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे लायटर सॉकेटला लावायची स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक पेटी. बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जाते. बाहेर ३५ असेल तर आत १५ ते २०. पाण्याच्या बाटल्यांना ठीक आहे. मासे, दूध किंवा २ ते ८ अंशांत ठेवावं लागणारं इन्सुलिन यांच्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

मागची हवा

फ्रीज आतली उष्णता उचलून मागच्या किंवा बाजूच्या कॉइलमधून बाहेर टाकतो. ती बाहेर पडायला जागा आणि वारा नसेल तर कंप्रेसर दिवसभर राबतो आणि फ्रीज तरी कोमटच. गोव्यात उन्हाळ्याच्या दुपारी सावलीतच ३३-३५ अंश असतात. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या व्हॅनच्या आत त्याहून कितीतरी जास्त. त्या तापलेल्या हवेत कॉइलने आपली उष्णता टाकायची असते.

म्हणून पहिलं काम: फ्रीज बंद करा आणि त्याच्या मागे, बाजूला, खाली टॉर्च मारून बघा. पाळोळ्याला उतरलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाने मला असाच फोन केला होता, गॅस भरायला माणूस बोलावला होता त्यांनी. जाऊन पाहिलं तर पेटीच्या जाळीला टेकून दोन ओले टॉवेल, मुलांच्या चपला आणि गुंडाळलेली समुद्रावरची छत्री. पंखा फिरत होता, पण तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत होता. सामान बाजूला केलं, मागचं दार तासभर उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत फ्रीज ५ अंशांवर आला आणि गॅसवाल्याला परत पाठवावं लागलं.

जाळीच्या प्रत्येक बाजूला किमान चार बोटं जागा मोकळी ठेवा. पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. फ्रीज कपाटात बसवलेला असेल तर कपाटाला खालून हवा आत येण्याची आणि वरून बाहेर जाण्याची अशा दोन्ही वाटा हव्यात. नुसती एक जाळी पुढे कापून दिली म्हणजे झालं, असं अनेक सुतारांना वाटतं. वरच्या वाटेला १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला तर तो जेमतेम पाव अँपिअर खातो आणि कंप्रेसरचे त्याहून कितीतरी जास्त वाचवतो. माझ्या मते कॅम्परमध्ये सगळ्यांत कमी पैशांत होणारी ही सगळ्यांत मोठी सुधारणा.

गाडी उभी करताना फ्रीजची बाजू दुपारच्या उन्हाकडे, म्हणजे पश्चिमेला करू नका. समुद्राकडे तोंड करून उभं राहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, तेव्हा फ्रीज कुठल्या बाजूला येतो ते आधी बघा. सावली हवी तर आंब्याची, चिंचेची घ्या. माडाखाली अजिबात नको. सावली चतकोर, आणि वरून नारळ पडला की काच गेली. वाळूवर तर गाडी न्यायचीच नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालणं बेकायदा आहे.

व्होल्ट मोजायचे ते फ्रीजपाशी

कंप्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रीज चालू असताना साधारण ४५ ते ६० वॉट घेतो. गोव्याच्या उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालू राहतो असं धरलं तर ४५ वॉटच्या हिशेबाने दिवसाला ५४० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले सुमारे ४५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली न्यायची नसते. म्हणजे एका बॅटरीवर एक दिवस आणि एक रात्र. दुसऱ्या दिवशी ती भरलीच पाहिजे: गाडी चालवून, सोलरवर किंवा मुक्कामाच्या घरच्या विजेवर. २०० वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात हे भागवतं. पावसात त्याच्या निम्म्याचाही भरवसा धरू नका.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी बंद करून, चार्जर आणि सोलर काढून, फ्रीजही बंद ठेवून तासभराने बॅटरीच्या टोकांवर मोजा. लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी. आता फ्रीज लावा आणि कंप्रेसर चालू असताना बॅटरीवर पुन्हा एकदा आणि लगेच फ्रीजच्या प्लगपाशी मोजा. बॅटरीवर १२.४ आणि प्लगवर ११.५ असेल तर तो जवळजवळ एक व्होल्ट वायर, फ्यूज किंवा सॉकेटने खाल्ला. फ्रीजला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःला बंद करून घेतो. मालकाला वाटतं फ्रीज बिघडला.

इथे सर्वांत मोठा गुन्हेगार लायटर सॉकेट. तो सिगारेट पेटवण्यासाठी बनवलेला, खडबडीत रस्त्यावर सैल होणारा आणि चोवीस तास पाच अँपिअर वाहून नेण्याच्या लायकीचा नसलेला. प्लग हाताला चटका देत असेल तर वाट बघू नका, स्क्रूने घट्ट होणारा किंवा अँडरसन पद्धतीचा (जाड वायरींसाठीचा, घट्ट बसणारा) जोड बसवून घ्या. वायर जाड घ्या. गाडीतल्या फ्रीजमध्ये सर्रास आढळणाऱ्या बीडी मालिकेच्या कंप्रेसरसाठी (आधी डॅनफॉस, आता सेकॉप) कंपनीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: १२ व्होल्टवर अडीच चौरस मिलिमीटरची वायर अडीच मीटरपर्यंत, चारची चार मीटरपर्यंत, सहाची सहा मीटरपर्यंत. बॅटरी बॉनेटखाली आणि फ्रीज मागे असेल तर वळणं धरून सहा मीटर सहज होतात. तिथे अडीचची वायर टाकणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर नम्रपणे थांबवा. बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

अनेक फ्रीजवर बॅटरी संरक्षणाचे हाय, मीडियम, लो असे तीन टप्पे असतात. गाडी सुरू करायच्या बॅटरीवरच फ्रीज चालत असेल तर हाय ठेवा, म्हणजे सकाळी धक्का मारायची पाळी येणार नाही. फ्रीजसाठी वेगळी बॅटरी असेल तर खाली आणता येतं. काही साध्या फ्रीजचा कंप्रेसर १०.४ व्होल्टवर बंद होतो आणि ११.७ वर परत सुरू होतो. लेड-अॅसिड बॅटरी १०.४ पर्यंत उतरणं म्हणजे तिचं आयुष्य कुरतडणं, त्यामुळे त्या आपोआप बंद होण्यावर अवलंबून राहू नका.

नव्या बीएस-६ गाड्यांतले अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतात. दुसऱ्या बॅटरीला नुसती वायर जोडून दिली असेल तर ती दिवसभराच्या प्रवासानंतरही अर्धपोटी राहते. अशा गाडीत मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, तो दुसऱ्या बॅटरीला लागेल तेवढं व्होल्टेज बनवून देतो.

घराची किंवा होमस्टेची वीज घेतानाही तेच. पडवीतून आणलेली बारीक, गुंडाळलेली एक्स्टेन्शन दोरी फ्रीजला उपाशी मारते आणि स्वतः तापते. तीन पिनांची, पूर्ण उलगडलेली वायर वापरा, आणि घराला अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का विचारून घ्या. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून गाडीच्या पत्र्याच्या दाराला तुमचाच हात लागणार असतो, हे विसरू नका.

शोषण पद्धतीचा फ्रीज असेल तर

या फ्रीजमध्ये खाली अमोनियाचं पाणी तापवलं जातं, अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या पात्यांत थंड होऊन द्रव होते आणि आत उतरून पुन्हा वाफ होताना उष्णता शोषून घेते. मग पाण्यात विरघळून खाली बॉयलरकडे परतते. परतीचा हा प्रवास पंपाशिवाय, नुसत्या उताराने होतो. गाडी तिरकी उभी राहिली तर द्रव वाटेतच साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट त्याच्या नळीत साकळतं. एकदा ती नळी तुंबली की फ्रीज गेला.

जुन्या फ्रीजसाठी आडव्या बाजूने ३ अंशांपर्यंतचा कल ही ढोबळ मर्यादा धरा. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर एका बाजूला सुमारे ८ सेंटीमीटरचा फरक. मोबाइलचं लेव्हल अॅप फ्रीजच्या तळावर ठेवा आणि खालच्या चाकांखाली फळी सरकवा. चालत्या गाडीत घाटातल्या वळणांनी फारसं बिघडत नाही, कारण द्रव सतत हलत असतो. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना चिंता नको. घाटातल्या धाब्यापाशी उतारावर गाडी लावून दोन तास जेवायला बसाल तर मात्र फ्रीज बंद करा.

१२ व्होल्टवर हा फ्रीज अखंड १० अँपिअर किंवा जास्त खेचतो. १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी पाच तासांत आटोपते. म्हणून १२ व्होल्ट फक्त गाडी चालू असताना, मुक्कामी वीज किंवा गॅस. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी आणि दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीत गाडी चढवण्याआधी ज्योत आणि सिलिंडर दोन्ही बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून कधीच नाही.

ज्योत निळी, ठाम असली पाहिजे. पिवळी, लवलवणारी ज्योत म्हणजे बर्नरवर वरून पडलेला गंज किंवा जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडायच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, घाण. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की कुंभारमाशी बाहेरच्या जाळीतून आत शिरून मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. गॅस बंद करा, सगळं गार होऊ द्या, मऊ ब्रशने बर्नर साफ करा. जेट स्पिरिटमध्ये भिजवून फुंकून घ्या. टाचणी घालू नका, भोकाचा आकार बदलला की ज्योत कायमची बिघडते.

विजेवर थंड होत नाही, पण गॅसवर होतो? मग तापवणारा एलिमेंट तपासा. वीज पूर्ण काढून त्याच्या दोन टोकांत रोध मोजा. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट एवढा तो असायला हवा: १२ व्होल्ट, १२० वॉटचा असेल तर १.२ ओहम, २३० व्होल्ट, १२५ वॉटचा असेल तर सुमारे ४२३ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट जळलाय, आणि तो सुटा मिळतो. तिन्ही तऱ्हांनी थंड होत नसेल, मागच्या नळ्यांवर पिवळसर भुकटी दिसत असेल किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येत असेल तर फ्रीज ताबडतोब बंद, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर. तो यंत्रभाग दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. फ्रीज उलटा करून ठेवला की सुरू होतो, असा सल्ला मिळेल. कधीमधी लागू पडतो म्हणतात, मी त्यावर प्रवास आखणार नाही.

आत काय आणि कसं

निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर फ्रीज लावा. कंप्रेसरच्या फ्रीजला काही तास पुरतात, शोषणाच्या फ्रीजला रात्रभर तरी द्या. जे ठेवाल ते आधीच थंड केलेलं असू दे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली कोमट भाजी आणि उन्हातल्या सोड्याच्या बाटल्या एकदम भरल्या तर तो संध्याकाळपर्यंत सावरत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये गोठवून आत ठेवल्या तर पहिला दिवस फुकट निघतो. सामानात हवा फिरायला फट सोडा.

दारावरचा आकडा खरा मानू नका. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. २ ते ४ अंश हवेत. ५ च्या वर रोज दिसत असेल तर कारण शोधा. दूध, मटण, शिजवलेलं जेवण उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिलं तर परत फ्रीजमध्ये ढकलून ते सुधारत नाही.

ताज्या मासळीबाबत माझं मत ठाम आहे: बांगडे, सुंगटं, इस्वण गाडीच्या फ्रीजमध्ये ठेवूच नका. वितळत्या बर्फात मासळी शून्य अंशाजवळ राहते आणि फ्रीजच्या ४ अंशांपेक्षा जास्त टिकते. थर्मोकोलची वेगळी पेटी घ्या, तळाला पाणी गळायची सोय करा, बाजारातूनच बर्फ घ्या. तो बर्फ मासळीसाठीच, सरबतात टाकायचा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारातली बरीच मासळी बाहेरून बर्फात प्रवास करून आलेली असते, ती आणाल त्याच दिवशी शिजवा.

खारी, दमट हवा

कोरड्या मुलखात लिहिलेल्या पुस्तिका गोव्याला पुरत नाहीत. इथे दार उघडलं की दर वेळी ओली हवा आत जाते आणि तिचं दव होऊन गोठतं. बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्या. गरम पाण्याचं भांडं आत ठेवलं की लवकर सुटतो. सुरी, स्क्रूड्रायव्हर लावाल तर अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडेल आणि तेव्हा मात्र गॅस खरंच जाईल.

बर्फ नेहमीपेक्षा लवकर साचायला लागला तर दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत विशेष, हे करा. रात्री मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा आणि बाहेरून उजेडाची रेघ दिसते का पाहा. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, घडीतली काळी बुरशी जुन्या टूथब्रशने काढा. चेपलेलं रबर हेअर ड्रायरच्या कोमट हवेने मऊ करून हाताने ओढलं की बरेचदा जागेवर बसतं. खोबरेल लावू नका, चिकट होऊन त्यावर धूळ आणि मुंग्या जमतात.

कपाटासारख्या फ्रीजच्या तळाशी, मागच्या बाजूला, पाणी बाहेर जायचं बारीक भोक असतं. आत पाणी तुंबायला लागलं की ते बुजलंय. हिराच्या केरसुणीची एक काडी त्यासाठी उत्तम: लवचीक, बारीक, आणि नळीला टोचत नाही. काडी हळूच फिरवत आत सरकवा, काळपट गिळगिळीत तंतू तिला गुंडाळून बाहेर येतो. मग चमचाभर कोमट पाणी सोडून ते गाडीखाली ठिबकतं का बघा.

समुद्राजवळ मुक्काम असेल तर महिन्यातून एकदा कॉइलच्या पात्यांवरची खारट धूळ मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने झाडा. मग ओलसर फडक्याने पुसा. जोडांवर हिरवी भुकटी दिसली तर ते तांब्याचं गंजणं. फ्यूज काढा, जोड सोडवा, बारीक पॉलिश पेपरने चकाकवा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. पुढच्या वेळी वायर बदलताना कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या. गाडी वॉशिंगला दिलीत तर फ्रीजच्या बाहेरच्या जाळीवर प्रेशरचं पाणी मारू नका असं बजावून सांगा. सांगितलं नाही तर धुणारा नेमका तिथेच मारतो.

थंड होत नाही: या क्रमाने जा

१. दिवा लागतो का? नसेल तर फ्यूज, प्लग, मग बॅटरी. फ्यूज बदलल्यावर परत उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, कुठे वायर घासतेय ते शोधा.

२. दिवा लागतो, कंप्रेसर सुरू होऊन काही सेकंदांत थांबतो: फ्रीजपाशी व्होल्ट मोजा. दहापैकी आठ वेळा उत्तर इथेच असतं असं मी म्हणेन.

३. स्क्रीनवर कोड किंवा लाल दिव्याची उघडझाप: बीडी कंप्रेसरला कंपनीने सुचवलेला दिवा जोडलेला असेल तर एक उघडझाप म्हणजे कमी व्होल्टेज, दोन म्हणजे पंख्यावर जास्त भार, तीन म्हणजे मोटर सुरू होत नाही, चार म्हणजे मोटर किमान वेग गाठत नाही, पाच म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग तापलाय. पाच आला तर आधी हवा येण्या-जाण्याचा मार्ग मोकळा आहे का ते तपासा. तीन आला तर बंद करून पाचेक मिनिटं थांबा, आतला दाब समान झाला की बहुतेक वेळा सुरू होतो. इतर बनावटींचे कोड वेगळे असतात, पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

४. कंप्रेसर चालतो, पंखा फिरत नाही: पंख्यात धूळ, केस, कधी पालीचं पिल्लू. साफ करूनही फिरत नसेल तर पंखा बदला, तो स्वस्त असतो.

५. सगळं चालतं, कॉइल चांगली गरम आहे, आत मात्र कोमट: हवा, रबर, बर्फाचा थर किंवा भरमसाट सामान. यातलं काही गॅसने सुधारत नाही.

६. कंप्रेसर न थांबता चालतो, स्वतः तापलाय, पण कॉइल जेमतेम कोमट आणि आतल्या पत्र्याच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो: आता गॅस कमी झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग शोधा, गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर पडतं.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर

जूनमध्ये गाडी शेडखाली गेली की अनेकजण फ्रीज बंद करून दार लावून टाकतात. चतुर्थीला उघडतात तेव्हा आत बुरशीची गोधडी असते. आधी पूर्ण रिकामा करा, लिटरभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून पुसा, मग सुक्या फडक्याने. दाराच्या कडीत लाकडाचा तुकडा अडकवून ते दोन बोटं उघडं राहील असं करा. बाहेरच्या जाळ्या कापडाने झाका आणि स्टिअरिंगला आठवणीची चिठ्ठी बांधा, नाहीतर झाकलेल्या जाळीनेच फ्रीज सुरू कराल. कंप्रेसरचा फ्रीज महिन्यातून एकदा तासभर चालवा. लेड-अॅसिड बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण भरा.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर

फ्रीजच्या मागच्या पट्टीचा फोटो काढून आधीच पाठवा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं. आर-१३४ए असेल तर घरगुती फ्रीजवाल्यांना तो सवयीचा. आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा आयसोब्युटेन आहे. बंद गाडीत, नळीत गॅस असताना त्याच्याजवळ ज्योत नेणाऱ्याला हात लावू देऊ नका, फ्रीज बाहेर काढून मोकळ्या हवेत काम करू दे. या छोट्या फ्रीजमध्ये गॅस असतो अगदी थोडा, ग्रॅममध्ये मोजायचा, त्यामुळे "अंदाजाने मारतो" हे चालत नाही.

त्याला चार गोष्टी विचारा. गळती कुठे सापडली, ती दाखव. जोड पक्का केल्यावर नायट्रोजनने दाब देऊन तपासणार का? नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप किती वेळ लावणार? गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? शेवटच्या प्रश्नावर तो हसला, तर चहा पाजा, आल्याचे पैसे द्या आणि मडगाव-फोंड्यात दुसरा माणूस शोधा. काम करून घेतलंत तर बिलावर गॅसचं वजन लिहून घ्या आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी पेल्यातला थर्मामीटर वाचा. आकडा दिवसागणिक चढत गेला तर गळती तशीच आहे, त्याच बिलासकट त्याला परत बोलवा.